जोडफलकाची शिस्त

घराची शोभा दिवाणखान्यावरून कळते. परंतु घराची शिस्त कळावयाची असेल तर स्वयंपाकघरातील फडताळ उघडून पाहावे. कोणत्या डब्यात काय आहे हे एकट्या गृहिणीसच ठाऊक असेल, तर ती चार दिवस माहेरी जाताच साऱ्या घराचे हात बांधले जातात. उलट प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असेल आणि प्रत्येक डबा आपल्या जागी असेल, तर घरातले शेंडेफळही हवी ती डाळ बिनचूक काढून देते. नगराचेही असेच असते. नगराचे दिवाणखाने सर्वांस दिसतात. रुंद रस्ते, उंच इमारती, मोठ्या तलावाच्या काठचे दिवे आपण पाहुण्यांस हौसेने दाखवितो. नगराची फडताळे मात्र कोणी दाखवीत नाही, आणि कोणी पाहावयासही जात नाही. अशाच एका फडताळाविषयी आज आम्ही लिहीत आहो. त्याचे प्रचलित नाव पॅच पॅनेल. प्रकाशतंतूंच्या केबली जेथे येऊन थांबतात आणि जेथून त्या पुढे जोडल्या जातात, तो हा क्रमांक घातलेला फलक होय. आम्ही त्यास जोडफलक म्हणू.

आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. नवी केबल टाकणाऱ्याचा आपल्याकडे सत्कार होतो; त्या केबलीतील तंतूंचे क्रमांक लावणाऱ्याची व त्यांची नोंद राखणाऱ्याची मात्र कोणी विचारपूस करीत नाही. ही रीत बदलली पाहिजे. कारण संकटाच्या घटकेस नगराचे रक्षण केबलीच्या लांबीने होत नाही. ते कोणीतरी आधी शांतपणे लिहून ठेवलेल्या चार अक्षरांनी होते.

जोडफलकाचे महत्त्व समजावयाचे तर प्रथम त्यावर येणारा तंतू समजला पाहिजे. प्रकाशतंतू म्हणजे अत्यंत शुद्ध काचेचा केसासारखा धागा. त्याची जाडी १२५ मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या धाग्याच्या अगदी मध्यावर काचेचा एक गाभा असतो. दूर अंतराच्या तंतूंत त्याची जाडी अवघी ९ मायक्रॉनच्या आसपास असते. गाभ्याची काच भोवतालच्या काचेहून किंचित अधिक वक्रीभवन करणारी असल्यामुळे, आत शिरलेला प्रकाश कडेवर आपटला तरी बाहेर निसटत नाही. तो पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुन्हा आत वळतो आणि तंतू वळेल तसा पुढे जातो. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८५४ साली लंडनमध्ये पाण्याच्या वाकणाऱ्या धारेतून प्रकाश वाकवून दाखविला, तो याच तत्त्वाचा प्रयोग होता. शाळेच्या प्रयोगशाळेत एका बाटलीस भोक पाडून आणि मागून विजेरी धरून हा प्रयोग कोणासही करता येईल.

पुढची वाटचाल शंभर वर्षांनी झाली, आणि तीत एका भारतीयाचे नाव ठळक आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी आपले गुरू हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह १९५४ साली काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखविले. परंतु त्या काळच्या काचेत प्रकाश थोड्याच अंतरात विरून जाई. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह असे प्रतिपादन केले की, दोष काचेचा नसून काचेतील अशुद्धीचा आहे. एक किलोमीटर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा भाग जरी उरला तरी दूरसंदेशाचे काम साधेल, असा त्यांचा हिशेब होता. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी १९७० साली ती मर्यादा ओलांडली. आजच्या उत्तम तंतूत सुमारे १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. काव यांस २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि कपानी यांस त्यांच्या निधनानंतर २०२१ साली पद्मविभूषण जाहीर झाले.

भारतात दूरध्वनी केंद्रांस परस्परांशी जोडणारी पहिली प्रकाशतंतू-यंत्रणा १९७९ साली पुण्यात कार्यान्वित झाली, ही गोष्ट मराठी वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. आमच्या भोपाळात हा तंतू शोधावयाचा असेल, तर रेल्वे स्थानकाकडे पाहावे. २००० साली स्थापन झालेल्या रेलटेल या सरकारी कंपनीने देशभर लोहमार्गांच्या कडेने प्रकाशतंतूंच्या केबली टाकल्या. त्यांच्या आधारावर जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर गूगलच्या सहकार्याने प्रवाशांसाठी विनामूल्य वाय-फाय सुरू झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आणखी नऊ स्थानकांस ही सोय मिळाली. त्यांत पुणे होते आणि आमचे भोपाळही होते. पुढे २०२० मध्ये गूगलने या योजनेतून अंग काढून घ्यावयास आरंभ केला, तरी स्थानकांवरील सेवा रेलटेलने चालू ठेवली. पाहुणा गेला तरी घर चालते, ते घरातील मांडणी आपल्या हाती असते म्हणून.

फलाटावर उभा असलेला मुलगा मोबाईल उघडून पुण्यातील आजीचा चेहरा पाहतो, तेव्हा सारे काही हवेतून येते अशी त्याची समजूत होते. वास्तविक हवेतून येते ते केवळ शेवटचे थोडे अंतर. बाकीचे शेकडो किलोमीटर तो चेहरा काचेच्या धाग्यांतून, डोळ्यास न दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने आलेला असतो. आणि वाटेत प्रत्येक मुक्कामी तो कोणत्या ना कोणत्या जोडफलकातून गेलेला असतो.

आता केबलीचे टोक या फलकावर कसे येते ते पाहू. एका केबलीत एकच तंतू नसतो. बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस, कधी त्याहूनही अधिक तंतू बारीक नळ्यांतून एकत्र आलेले असतात. ते सारे सारखेच दिसले असते तर कोणता तंतू कोणाचा हे ओळखणे अशक्य झाले असते. म्हणून प्रत्येकावर रंगाचा पातळ लेप असतो. प्रचलित पद्धतींपैकी एकीत रंगांचा क्रम असा: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, तांबडा, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि शेवटी फिकट निळसर-हिरवा. बारा तंतू संपले की दुसरी नळी, आणि तिच्यात पुन्हा पहिल्यापासून तोच क्रम. नळ्यांसही त्याच क्रमाने रंग. तेव्हा तेरावा तंतू म्हणजे नारिंगी नळीतील निळा तंतू, हे कारागीर पाढ्यासारखे सांगतो.

ही केबल लोखंडी मांडणीत बसविलेल्या जोडफलकात मागच्या बाजूने शिरते. त्या मांडणीस रॅक म्हणतात, आणि तिची रुंदी जगभर एकोणीस इंच ठरलेली आहे. चोवीस जोडण्यांचा फलक बहुधा पावणेदोन इंच, म्हणजे जेमतेम अडीच बोटे उंच असतो. आत शिरताच केबलीचे वरचे कवच सोलून काढतात आणि तिचा मजबूत कणा पकडीत घट्ट आवळतात. म्हणजे बाहेर कोणी केबल ओढली तरी तो हिसका काचेच्या धाग्यांस लागत नाही. नंतर धागे एका उथळ तबकात वेटोळे करून ठेवतात. हे वेटोळे फार लहान करून चालत नाही. साध्या तंतूस सुमारे तीन सेंटिमीटर त्रिज्येहून अधिक तीव्र वळण दिले की प्रकाश कडेने गळू लागतो, आणि आणखी वाकविले तर धागा मोडतो. काचेशी वागताना घाई चालत नाही, हा या कामाचा पहिला नियम.

तबकात प्रत्येक तंतू एका छोट्या तयार तंतूशी जोडतात. त्या छोट्या तंतूस पिगटेल म्हणतात. त्याच्या एका टोकास कारखान्यातच जोडखुंटी बसविलेली असते. दोन्ही काचेची टोके काटकोनात कापून समोरासमोर आणतात, आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करतात. हा सांधा इतका नाजूक असतो की, त्यावर लगेच पोलादी काडीचे आवरण चढवावे लागते. पिगटेलची खुंटी मग फलकाच्या पुढील पृष्ठावरील जोडणीत आतल्या बाजूने बसते. त्या जोडणीस पोर्ट म्हणतात, आणि प्रत्येक पोर्टावर क्रमांक असतो. बाहेरच्या बाजूने त्याच पोर्टात पॅच कॉर्ड नावाची लहान लवचीक दोरी खोचली की, आतल्या व बाहेरच्या खुंट्यांची टोके एका बारीक नळकांड्यात एकमेकांस भिडतात. नऊ मायक्रॉनचा गाभा नऊ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर येतो, आणि प्रकाश पुढे जातो. येथे धुळीचा एक कण सबंध वाट अडवू शकतो. म्हणून खोचण्यापूर्वी टोक तपासावे व पुसावे, रिकाम्या पोर्टावर टोपण ठेवावे, आणि जोडलेल्या तंतूच्या टोकात डोळा घालून कधीही पाहू नये. कारण तो प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यास इजा करू शकतो. निळी खुंटी व हिरवी खुंटी यांचीही गल्लत करू नये. निळीचे टोक सरळ, तर हिरवीचे आठ अंशांनी तिरपे घासलेले असते. ती दोन एकमेकांस नीट भिडत नाहीत.

या साऱ्या रचनेमागील युक्ती दोन शब्दांत सांगता येईल: मागे स्थिर, पुढे चल. जमिनीखालून आलेली केबल एकदा नीट बसविली की तिला पुन्हा हात लावावयाचा नाही. जे बदल करावयाचे ते पुढील लहान दोऱ्यांनी करावयाचे. एखादे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर गेले, एखादा तंतू निकामी झाला, एखाद्या रुग्णालयास नवी जोडणी हवी झाली, तर रस्ता खणावा लागत नाही. एक दोरी या पोर्टातून काढून त्या पोर्टात खोचली की काम होते. ही युक्ती काही आजची नव्हे. जुन्या दूरध्वनी केंद्रांत चालक असाच एका फलकासमोर बसून, दोरीचे टोक या भोकातून त्या भोकात खोचून दोन माणसांची गाठ घालून देत असे. १९६० साली लखनौ व कानपूर यांच्या दरम्यान परगावी थेट क्रमांक फिरविण्याची सोय देशात प्रथम झाली; तोवर परगावचा प्रत्येक फोन अशा चालकाच्या हातूनच जात असे. तो माणूस गेला, फलक मात्र राहिला. फरक एवढाच की, त्या माणसास सारे भोक तोंडपाठ असत. आजच्या फलकापुढे मात्र रोज बसणारा कोणी नसतो. त्यामुळे जे पूर्वी स्मरणात होते ते आज अक्षरांत असावयास हवे.

क्रमांकाचे सामर्थ्य भोपाळकरांस सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचे शहर मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि जुन्या वस्तीबाहेर नवे भोपाळ वाढू लागले. त्या नव्या भागांत कित्येक ठिकाणांस क्रमांकच नाव होऊन बसला. पाच नंबर, सात नंबर, दहा नंबर हे बसथांबे. पंचेचाळीस बंगले, चौऱ्याहत्तर बंगले, अकराशे क्वार्टर्स या वस्त्या. इंदूरचा वा नागपूरचा पाहुणा प्रथम हसतो, आणि मग रिक्षावाल्यास ‘दहा नंबर’ एवढेच सांगून बिनचूक घरी पोहोचतो. हे कशामुळे घडते? थांब्यावर आकडा आहे म्हणून नव्हे, तर त्या आकड्याचा अर्थ सर्वांनी एकच मानला आहे म्हणून. उद्या कोणी एका रात्रीत थांब्यांच्या पाट्या बदलल्या आणि ही गोष्ट कोणासही सांगितली नाही, तर रस्ते जागच्या जागी असूनही सारे शहर वाट चुकेल. जोडफलकावर एक दोरी बदलून ती न लिहिणारा माणूस नेमके हेच करीत असतो.

म्हणून आम्ही म्हणतो की, क्रमांक हा कामाचा अर्धा भाग असून नोंद हा दुसरा अर्धा भाग आहे. दोरीच्या प्रत्येक टोकावर दुसरे टोक कोठे आहे ते लिहिलेले असावे. वहीत अथवा संगणकात कोणता तंतू कोणत्या पोर्टावर येतो, तो पुढे कोणास दिला आहे, बदल कोणी व कोणत्या दिवशी केला, आणि तेव्हा प्रकाशाची घट किती मोजली, एवढे असावे. याचा उपयोग कोणता, असे कोणी विचारील. एक उदाहरण पुरे. तंतू कोठे तुटला हे शोधण्याचे यंत्र असते. ते जोडफलकावरून तंतूत प्रकाशाचा क्षणिक ठोका पाठविते, आणि परत येणारा प्रकाश किती वेळाने आला यावरून तुटीचे अंतर सांगते. काचेत प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे उत्तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मिळते. समजा, यंत्राने सांगितले की तूट ६ किलोमीटर ४०० मीटरवर आहे. परंतु हे अंतर तंतूच्या लांबीचे आहे, रस्त्याचे नव्हे. केबल कोणत्या रस्त्याने गेली, कोठे जादा वेटोळे ठेवले आहे, कोणत्या खड्ड्यात सांधा आहे, हे यंत्रास ठाऊक नसते. ते नकाशात असेल तर कारागीर सरळ त्या जागी जाऊन उभा राहतो. नकाशात नसेल तर रात्रभर खणीत बसतो. यंत्राची बुद्धी जेथे संपते तेथे वहीचे काम सुरू होते.

नोंदीच्या अभावाची किंमत देश रोकड मोजीत आला आहे. कोणाची तरी जलवाहिनी, कोणाचे तरी गटार, कोणाचा तरी रस्ता यांसाठी खणताना खालची केबल तुटते. अशा असंघटित खोदकामामुळे केबलींसारख्या जमिनीखालील मालमत्तेचे वर्षाकाठी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने सांगितले, आणि खणण्यापूर्वी जमिनीखालच्या मालमत्तेच्या मालकास कळविण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाची सोय मोबाईलवर सुरू केली. ही सोय स्तुत्य आहे. पण विचारणाऱ्यास उत्तर तेव्हाच मिळेल, जेव्हा उत्तर देणाऱ्याकडे आपल्या केबलीचा खरा नकाशा असेल. प्रश्न विचारण्याचे यंत्र पैशाने येते. उत्तराची वही मात्र सवयीने तयार होते.

आणि ही केवळ पैशाची गोष्ट नव्हे. वेळेवर पोहोचलेला निरोप म्हणजे काय, हे भोपाळइतके दुसऱ्या कोणत्या शहरास ठाऊक असेल? २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, आणि पहाटेपर्यंत हजारो माणसे झोपेतच अथवा धावता धावता कोसळली. कारखान्यापासून जवळच असलेल्या रेल्वे स्थानकावर उपस्थानक-अधीक्षक गुलाम दस्तगीर कामावर होते. त्यांनी प्रवाशांनी भरलेली गाडी ठरल्या वेळेपूर्वी सोडून दिली, आणि भोपाळकडे गाड्या पाठवू नका असा निरोप शेजारच्या स्थानकांस धाडला. तो निरोप कोणत्या तारेने गेला यास आज महत्त्व नाही. तो गेला, आणि योग्य ठिकाणी गेला, यास आहे. त्या रात्री दस्तगीरांनी आपली तार कोणती हे शोधीत बसावयास हवे होते काय? आज रुग्णालये, अग्निशमन दल, पोलीस आणि रेल्वे यांचे निरोप काचेच्या धाग्यांवरून जातात. पुन्हा कधी अशी रात्र येऊ नये, ही प्रार्थना आपण करतोच. परंतु ती आलीच तर धागा शोधण्यात एक क्षणही जाऊ नये, याची व्यवस्था मात्र प्रार्थनेने होत नाही. ती आधी, दिवसाउजेडी, स्वस्थ चित्ताने करून ठेवावी लागते.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप संभवतात, आणि ते विचार करण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की, आता सारे बिनतारी होत चालले आहे. मग तारांच्या फलकाचे एवढे कौतुक कशास? यास उत्तर असे की, बिनतारी मनोरा हा स्वतःच तारेचा आश्रित आहे. मोबाईलपासून मनोऱ्यापर्यंतचे थोडे अंतर लहरी चालून जातात, परंतु मनोऱ्यावर जमा झालेली गर्दी पुढे वाहून नेण्यास काचेच्या तंतूइतका समर्थ वाहक दुसरा नाही. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत असा तंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. बिनतारी जग जसजसे वाढेल, तसतशी तारेची व तिच्या फलकाची जबाबदारीही वाढेल.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो बहुधा उघड बोलला जात नाही. चिठ्ठ्या लावणे, वही भरणे, धूळ पुसणे हे हलके काम आहे. हुशार मुलाने नवा शोध लावावा, नवे यंत्र करावे, असे पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत मानले जाते. मुलगा अभियंता झाला की पेढे वाटले जातात. आयटीआयमध्ये गेला की आवाज खाली येतो. हे आम्हांस मान्य नाही. शोधाचे मोल कमी नाही, पण शोध एकदा लागतो आणि त्याचा सांभाळ रोज करावा लागतो. काव यांनी काच शुद्ध करण्याची वाट दाखविली. ती शुद्ध काच फलकावरील धुळीने आंधळी होऊ नये हे पाहणारा कारागीर त्याच कामाचा शेवटचा भागीदार आहे. शिवाय या कामात एक मोठा नैतिक गुण दडलेला आहे. चिठ्ठी लिहिणारा ती स्वतःसाठी लिहीत नाही. त्यास तर सारे ठाऊकच असते. तो लिहितो ते अशा माणसासाठी, ज्यास त्याने कधी पाहिलेले नाही आणि जो कदाचित दहा वर्षांनंतर, मध्यरात्री, हातात विजेरी घेऊन त्या फलकापुढे उभा राहील. अनोळखी माणसाची अडचण आधीच ओळखून ती दूर करून ठेवणे, यास आम्ही सभ्यता म्हणतो.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे कित्येक जाणत्या माणसांस आपले ज्ञान लिहून ठेवणे नको वाटते. सारे माझ्या डोक्यात आहे, मला विचारा, असे ते अभिमानाने म्हणतात. असा माणूस कामात कितीही निष्णात असो, तो संस्थेस आपल्यावर अवलंबून ठेवतो; आणि तो निवृत्त झाला की संस्था एका दिवसात अडाणी होते. याच्या उलट, ज्याने आपले सारे ज्ञान वहीत उतरविले तो गेल्यावरही कामावर हजर असतो. पहिल्यास लोक हुशार म्हणतात. आमच्या मते खरा हुशार दुसरा होय.

मग आपण काय करावे? मोठ्या योजना सुचविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु शाळेत व घरात करण्याजोग्या तीन गोष्टी आम्ही सुचवितो. पहिली, शाळेच्या संगणक-कक्षातील प्रत्येक तार कोठून येते व कोठे जाते, याचा नकाशा इयत्ता नववीच्या मुलामुलींनी शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा, तारांस हात न लावता तो दरवर्षी तपासावा, आणि नव्या नववीच्या हाती तो रीतसर सोपवावा. दुसरी, प्रयोगशाळेत, ग्रंथालयात अथवा क्रीडासाहित्याच्या खोलीत जो वस्तूची जागा बदलील त्याने तेथून हलण्यापूर्वी ती नोंदवावी. नंतर लिहू, असे म्हणू नये. नंतर लिहिण्याची गोष्ट बहुधा राहून जाते. तिसरी, वार्षिक समारंभात बक्षिसे देताना वर्षभर वर्गाची नोंदवही उत्तम ठेवणाऱ्या विद्यार्थ्यासही एक बक्षीस द्यावे. ज्या गुणास समाज टाळ्या देतो तो गुण मुलांत वाढतो.

पालकांसही एक विनंती आहे. घरात जाडजूड बिले, विम्याची कागदपत्रे, बँकेची पुस्तके, औषधांच्या चिठ्ठ्या यांचे फडताळ एकाच व्यक्तीच्या स्मरणावर चालत असेल, तर एका रविवारी सर्वांनी मिळून बसावे आणि कोठे काय आहे ते एका वहीत लिहून काढावे. मुलांस त्यात सामील करावे. आजोबांच्या औषधाचे नाव आणि त्यांच्या डॉक्टरांचा क्रमांक अपरात्री शोधण्याची वेळ आल्यावर त्या वहीचे मोल सर्वांस कळेल. काचेच्या तंतूंचा जोडफलक आणि घरातील ही वही यांचे काम वेगळे, पण धर्म एकच आहे.

विज्ञानाने प्रकाशास वाकावयास शिकविले, हा मानवी बुद्धीचा मोठा पराक्रम होय. परंतु वाकलेला प्रकाश बरोबर त्याच दारी पोहोचावा, यासाठी कोणीतरी दारावर क्रमांक घालावा लागतो आणि तो क्रमांक वहीत उतरवावा लागतो. पहिले काम मूठभर शास्त्रज्ञांनी केले. दुसरे काम आपल्यापैकी प्रत्येकास करता येण्याजोगे आहे, आणि ते करण्यास आजचा दिवस पुरेसा चांगला आहे.